आमची वाटचाल : आधी तपासणी, मग पाना

वडिलांनी अक्कलकोट रोडला पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज टाकलं, तेव्हा इंजिन, क्लच, वायरिंग, जे येईल ते काम घ्यायचं असा रिवाज होता. मी हाताशी आलो आणि पुढे आम्ही फक्त ब्रेकचं काम धरलं. सोलापुरात त्याला मरण नाही. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर करणाऱ्या भाड्याच्या गाड्या इथूनच सुटतात. त्यात भरली गाडी तुळजापूरचा घाट उतरते तेव्हा ब्रेक चांगलेच तापतात.

गिऱ्हाईक येतं तेच मुळी "पॅड बदलून टाका" म्हणत. आम्ही आधी पेडलवर पाय ठेवतो. पेडल स्पंजासारखं दबलं आणि दोन-चार वेळा मारल्यावर कडक झालं, तर बहुतेक लाइनमध्ये, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळ्यांत, हवा. एकसारखा दाब धरल्यावर ते हळूहळू खाली बसत गेलं आणि बाहेर कुठे ओल नसली, तर मास्टर सिलिंडरमधले, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या भागातले, रबर कप गेलेत. ब्रेक ऑइल कमी होतंय पण गळती दिसत नाही, अशा वेळी मागचे ड्रम काढून व्हील सिलिंडरचं (चाकातला ब्रेक ढकलणारा भाग) रबर उचलून बघायचंच. तिथेही कोरडं असेल, तर ऑइल मास्टर सिलिंडरच्या मागून बूस्टरमध्ये (पायाचा जोर वाढवणारा डबा) उतरतंय का ते बघतो.

एका टॅक्सीचं पुढचं चाक सारखं जाम व्हायचं. दुसरीकडे नवा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) बसवून झाला होता, तरी दुखणं तेच. आम्ही गाडी जॅकवर घेतली, ब्रेक मारून सोडला. चाक हाताने हलेना. कॅलिपरचं निपल (ऑइल-हवा सोडायचा छोटा स्क्रू) सैल केलं, ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं. म्हणजे दाब आत अडकला होता, कॅलिपर निर्दोष. पुन्हा ब्रेक मारून या वेळी होज पाइपचा, म्हणजे कॅलिपरकडे ऑइल नेणाऱ्या रबरी नळीचा, वरचा जोड सैल केला. चाक जामच! दोष होजमध्ये. आतून फुगलेला पाइप पायाच्या जोराने ऑइल पुढे जाऊ देतो, परत येऊ देत नाही. तो कापून मालकाला दाखवला. आतलं भोक जवळपास बुजलेलं होतं. कॅलिपरचे पैसे मात्र उगाच गेले होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून तपासणीचे पैसे वेगळे घेतो आणि काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात देतो. सुरुवातीला लोक कुरकुरले. नंतर टॅक्सीवाल्यांनीच एकमेकांना आमचा पत्ता दिला.

ब्रेक ऑइलबद्दल मी हट्टी आहे. ते हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरला की १४० च्या आसपासही उकळू शकतं. मग लाइनमध्ये वाफ धरते आणि पेडल थेट तळाला जातं, तेही नेमकं घाटात. म्हणून दोन वर्षांनी ऑइल बदला म्हणतो.

आता एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) गाड्यांसाठी स्कॅनर घेतलाय. पण फुगलेला होज त्यात दिसत नाही, म्हणून नव्या पोरांना पहिले काही महिने जॅक आणि निपलवरच ठेवतो.