कळसूबाईला नेमकं कधी जायचं?

"वर काय दिसनार आता? धुकं खायला चाललात का?" कळसूबाईच्या वाटेवर काकडी विकणाऱ्या मावशींनी विचारलं. बोलता बोलता सुरी सुरूच. चार फोडी, वर तिखटमीठ, कागदात गुंडाळून हातात.

म्हटलं, मग कधी यावं? "नवरात्र सरल्यावर या. पार लांबलांबचं दिसतं. पन तवा गिऱ्हाईक नसतं, मी काय बसायची नाय."

वर, १६४६ मीटरवर, देऊळसुद्धा जवळ गेल्यावरच दिसलं. शिड्यांवर मात्र ही रांग! एक पठ्ठ्या ओल्या पायरीवर उलटा फिरून सेल्फी घेत होता, खालची सगळी मंडळी गज धरून ताटकळत. (फोटोत मागे नुसतं पांढरं आलं असणार, दुसरं काय!)

पावसातल्या सह्याद्रीचं वेड मलाही आहेच. पण शिखरावर जायचं ते आजूबाजूचं बघायला ना? सप्टेंबरअखेर पाऊस ओसरतो, सोनकी फुललेली असते, अलंग-मदन-कुलंग हे किल्ले डोळ्यांसमोर उभे राहतात. डिसेंबरात पहाटे दात वाजतात, तरी चालेल. एप्रिल-मेमध्ये उन्हाआधी उतरलेलं बरं.

तरी जुलैतल्या रविवारीच सगळा महाराष्ट्र पायथ्याच्या बारी गावात. रील्सना हिरवं लागतं म्हणून?

दिवाळीआधीचा एखादा बुधवार पकडू म्हणतोय. सुट्टी टाकून कोण येतंय?