आर्ची स्कॉट ब्राउन

आज सुट्टीचा संपूर्ण दिवस आर्ची स्कॉट ब्राउन या स्कॉटिश शर्यतपटूविषयी वाचण्यात गेला आणि मोटार शर्यतींच्या इतिहासात हे नाव इतके मागे का पडले, याची मनापासून खंत वाटली.

आर्चीचा जन्म १९२७ साली स्कॉटलंडमधील पेझ्ली येथे झाला. त्याच्या आईला गरोदरपणी रुबेला (जर्मन गोवर) झाला होता. त्यामुळे त्याचा उजवा हात कोपराखाली अपुराच राहिला, पायांतही व्यंग होते आणि बालपणी त्याला अनेक शस्त्रक्रियांना सामोरे जावे लागले. असे असूनही, आणि १९५४ मध्ये शारीरिक व्यंगाच्या कारणावरून रद्द झालेला शर्यतीचा परवाना पुन्हा मिळवून, केंब्रिजच्या ब्रायन लिस्टर यांनी बांधलेल्या गाड्या त्याने अशा चालवल्या की १९५७ च्या हंगामात लिस्टर-जॅग्वार (जॅग्वार इंजिन बसवलेली लिस्टर गाडी) घेऊन तो बहुतेक शर्यती जिंकत गेला. फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपद मालिकेतील ग्रां प्री शर्यत मात्र त्याच्या वाट्याला एकच आली: १९५६ ची सिल्व्हरस्टोन येथील, कॉनॉट गाडीतून, आणि तीही अर्धवट सोडावी लागली.

त्या काळच्या गाड्यांना पॉवर स्टीअरिंग (स्टीअरिंग फिरवणे हलके करणारी यंत्रणा) नसे, हे लक्षात घेतले म्हणजे त्याच्या कौशल्याची खरी उंची कळते. त्याच्याकडे केवळ सहानुभूतीने पाहणे मला अन्यायाचे वाटते. तो अत्यंत वेगवान चालक होता.

मे १९५८ मध्ये बेल्जियममधील स्पा येथे, ओल्या रस्त्यावर अमेरिकन शर्यतपटू मास्टेन ग्रेगरीशी आघाडीसाठी झुंजत असताना त्याची गाडी रस्त्याबाहेर जाऊन पेटली आणि दुसऱ्या दिवशी, वयाच्या ३१ व्या वर्षी, त्याचे निधन झाले. लिस्टर यांनी पुढच्याच वर्षी शर्यतींतून आपला संघ काढून घेतला.