भाषावाल्यांचं इथे काय काम?

"भाषावाले पण येणार का या कमिटीत?" कॉलेजच्या शाश्वत विकास कमिटीच्या मीटिंगमध्ये एकजण भाषा विभागाबद्दल सहज बोलून गेला, बाकीचे हसले आणि विषय परत सोलर पॅनेल आणि कचऱ्याच्या डब्यांवर. बोलण्यात वाईट हेतू अजिबात नव्हता, म्हणूनच बहुतेक जास्त खटकलं.

कारण यूएनच्या 2015 च्या 17 शाश्वत विकास उद्दिष्टांमध्ये 4.7 नावाचं शिक्षणाबद्दलचं एक लक्ष्य आहे, त्यात शाश्वत विकास, जागतिक नागरिकत्व आणि सांस्कृतिक विविधतेची कदर हे सगळं एकाच लांबलचक वाक्यात आहे (वाक्य भयंकर आहे, पण मुद्दा बरोबर). आपल्या कॉलेजांनी मात्र त्याचे तुकडे केले, पर्यावरण सायन्सवाल्यांकडे, नागरिकत्व एनएसएसकडे आणि भाषा परीक्षेपुरती.

आता बघा, पर्यावरणाची जनसुनावणी असते, म्हणजे एखाद्या प्रकल्पाआधी तिथल्या लोकांचं म्हणणं ऐकायची सभा. दोनशे पानी अहवाल, तांत्रिक भाषा, आणि ज्यांचं पाणी किंवा जमीन जाणार त्यांना त्यातलं अर्धं कळत नाही. लोक उठून बोलतात तेही सभेच्या नोंदींत दोन ओळींत गुंडाळलं जातं. भाषा शिकणाऱ्या पोरांनी तो अहवाल सोप्या भाषेत मांडला, लोकांचं म्हणणं नीट लिहून घेतलं तर ते भाषेचं प्रॅक्टिकलच झालं ना? आणि व्याकरणही आपोआप पक्कं होतं, कारण चुकलं तर समोरचा माणूस लगेच टोकतो.

अडचण एकच, याला मार्क कुठल्या विषयाचे द्यायचे? तुमच्याकडे कुणी असं काही करतंय का, आणि क्रेडिटचं कसं जमवलं?