त्यांचा विश्वास पाहून

'कॅन्सरच्या उपचारांत तुमचा विश्वास कधी डळमळला नाही का?' किमो संपल्यापासून हा प्रश्न मला कितीतरी जणांनी विचारलाय. काहींच्या घरात आत्ताच कुणाचं तरी निदान झालेलं असतं, म्हणून खरं तेच सांगते.

डळमळला. काही दिवस तर हाताशीच नव्हता. मला दर 21 दिवसांनी किमो होती. त्यानंतर साधारण 7 ते 14 दिवसांत संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला तर मध्यरात्रीसुद्धा लगेच फोन करायचा, अशी ताकीद होती. उशाशी थर्मामीटर आणि त्याच्याच शेजारी बायबल. थर्मामीटर दिवसातून चारदा हातात घ्यायचे, बायबल उघडवत नव्हतं. दुसऱ्या ओळीवर जाईपर्यंत पहिली विसरलेली असायची. प्रार्थनेला डोळे मिटले की नुसतं गरगरायचं.

चर्चच्या मंडळीतल्या एका ताईंना हे रडत सांगितलं. त्या म्हणाल्या, "नको करूस प्रार्थना. तुझ्या वाटची आम्ही करतोय. तू झोप."

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातली गोष्ट लहानपणापासून ऐकत आले होते. पक्षघात झालेल्या माणसाला चौघं जण बाजेवर उचलून आणतात. गर्दीतून वाट मिळेना, म्हणून छप्पर उघडून त्याला येशूपुढे खाली सोडतात. आणि येशू 'त्यांचा विश्वास पाहून' बोलतो. त्याचा नव्हे, त्यांचा. तो माणूस तर त्या गोष्टीत एक शब्दही बोलत नाही! एवढी वर्षं तो अनुस्वार माझ्या नजरेतून सुटला होता. त्या रात्री तोच धरून झोपले.

माझी बाज उचलणारे कोण होते? एकीने दर किमोला नेलं-आणलं. एक जण रोज रात्री बायबलमधलं एक वचन पाठवायचा आणि खाली लिहायचा, 'उत्तर देऊ नकोस.' ताई तर मास्क लावून माझ्या खोलीत नुसत्या बसायच्या. मला झोप लागली तरी उठून जायच्या नाहीत.

'विश्वास कमी पडला असेल' असं म्हणणारंही कुणीतरी भेटलं. ते फार लागलं. बायबलमध्ये एका जन्मांध माणसाबद्दल येशूच्या शिष्यांनी 'पाप कुणाचं, याचं की आईबापांचं?' असं विचारलं, तेव्हा प्रभूने दोन्ही नाकारलं होतं. आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याच्या विश्वासाची मोजमापं काढू नयेत, अगदी कळकळीने सांगते.

मग माझ्याही हातात बाजेचा एक कोपरा आला. सलाईन चालू असताना काही तास मोकळे असायचे. त्या वेळात मी उपचार घेणाऱ्या इतरांची नावं एकेक करून देवापुढे ठेवायला लागले. स्वतःसाठी शब्द सुचत नव्हते, त्यांच्यासाठी सुचायचे. असं का, मला अजून उलगडलेलं नाही.

माझ्या शेवटच्या किमोला शेजारच्या खुर्चीत एक मुलगी होती, तिची पहिलीच वेळ. सुई टोचताना ती थरथरत होती. मी विचारलं, "तुझ्यासाठी प्रार्थना केली तर चालेल?"

ती म्हणाली, "प्रार्थना नको. हात धराल?"

तिच्या सलाईनचा पंप संपल्याची खूण म्हणून वाजेपर्यंत धरून बसले.