फेरीबोट मे महिन्यात आणि जुलैत: प्लावक बल नेमकं कधी जास्त?

पणजीहून बेतीला जाणारी फेरीबोट डोळ्यांसमोर आणा. मे महिन्यात धक्क्यापाशी मांडवीचं पाणी जवळजवळ समुद्राइतकं खारट असतं. जुलैत घाटातला पाऊस खाली उतरला की त्याच ठिकाणी वरचा थर बराचसा गोडा होतो. बोट तीच, तिच्यावरच्या स्कुटरी आणि माणसंही तेवढीच. नववीच्या मुलांना प्रश्न असा: बोटीवरचं प्लावक बल, म्हणजे पाणी तिला वर ढकलतं ते बल, केव्हा जास्त, मे महिन्यात की जुलैत?

बरीच मुलं मे महिना लिहितात आणि कारण देतात, "खाऱ्या पाण्याची घनता जास्त असते." कारणातलं विधान खरं आहे, पण उत्तर चुकतं. प्लावक बल दोन्ही वेळा सारखंच असतं. तरंगणारी बोट वरही जात नाही आणि खालीही जात नाही. म्हणजे तिचं वजन आणि प्लावक बल एकमेकांना नेमकं तोलतात. वजन बदललं नाही, तर बलही बदलणार नाही.

बदलतं ते पाण्यात बुडालेलं आकारमान. हिशेबासाठी भरलेली बोट १०० टनांची धरू. आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे ती १०० टन पाणी बाजूला सारते, पाणी कोणतंही असो. २८ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्याची घनता दर घनसेंटीमीटरला ०.९९६ ग्रॅम असते आणि समुद्राच्या पाण्याची साधारण १.०२२. म्हणून १०० टनांसाठी गोडं पाणी सुमारे १००.४ घनमीटर सारावं लागतं, तर खारं ९७.८ घनमीटर. फरक २.६ घनमीटर. बोटीचा तळ २० मीटर लांब आणि ८ मीटर रुंद अशा सरळ पेटीसारखा मानला, तर क्षेत्रफळ १६० चौरस मीटर येतं आणि जुलैत बोट दीड सेंटीमीटरच्या आसपास जास्त बुडते. त्याच बोटीवर स्वारासह १८० किलोच्या ३० स्कुटरी चढल्या तर ती सुमारे ३.४ सेंटीमीटर खाली जाते. म्हणजे गोड्या पाण्याचा परिणाम जवळपास १४ स्कुटरींइतका झाला.

मग "खाऱ्या पाण्यात प्लावक बल जास्त" हे वाक्य कुठे लागू पडतं? वस्तू पूर्ण बुडालेली असेल तिथे. एक लिटर आकारमानाचा काळा दगड गोड्या पाण्यात ९९६ ग्रॅमने हलका भासतो आणि समुद्रात १०२२ ग्रॅमने. इथे सारलेल्या पाण्याचं आकारमान ठरलेलं आहे, त्यामुळे घनता वाढली की बल वाढतं. तरंगणाऱ्या वस्तूचं वजन ठरलेलं असतं, त्यामुळे घनता वाढली की बुडालेलं आकारमान घटतं. गणित सोडवण्याआधी वस्तू तरंगते की बुडालेली आहे हे कागदावर लिहून घ्या, निम्मे गोंधळ तिथेच मिटतात. (हा प्रयोग करायला चिरा वापरू नका. जांभा दगड सच्छिद्र असतो. बुडबुडे सोडत तो पाणी पीत राहतो आणि ताणकाट्यावरचा आकडा स्थिरच होत नाही.)

मुरगाव बंदरात येणाऱ्या जहाजांच्या अंगावर याच नियमाच्या खुणा रंगवलेल्या असतात. ब्रिटनमध्ये सॅम्युएल प्लिमसोल यांच्या प्रयत्नांनंतर १८७६ च्या कायद्याने भाररेषा, म्हणजे जहाज कुठवर बुडू द्यायचं ते दाखवणारी खूण, सक्तीची झाली. त्या खुणांत सर्वांत वरची रेषा 'टीएफ', म्हणजे उष्ण कटिबंधातलं गोडं पाणी. तिथे जहाज त्या रेषेपर्यंत बुडालेलं चालतं, कारण खाऱ्या समुद्रात गेल्यावर ते आपोआप वर उचललं जातं.

आता पाण्याच्या घनतेतला हा फरक घरी मोजायचा कसा? त्यासाठी हायड्रोमीटर, म्हणजे किती बुडतो त्यावरून घनता दाखवणारा तरंगता मापक, बनवावा लागतो. शाळेच्या प्रकल्पांत तो नुसत्या स्ट्रॉचा करतात आणि मग फरक दिसत नाही म्हणून मुलं हिरमुसतात. हिशेब साधा आहे. सारख्या जाडीची नळी गोड्या पाण्यात १२ सेंटीमीटर बुडत असेल, तर समुद्राच्या पाण्यात ती फक्त ३ मिलिमीटर वर येते. स्ट्रॉ बारीक घेतला तरी हे ३ मिलिमीटर तेवढेच राहतात, कारण नळीची जाडी हिशेबातून निघून जाते. शिवाय हल्ली स्ट्रॉ कागदी मिळतात. ते पाणी शोषतात आणि मोजता मोजता जड होत जातात.

उपाय असा, की खाली फुगीर भाग आणि वर बारीक दांडा ठेवायचा. दूध तपासायच्या लॅक्टोमीटरचा आकार तसाच असतो, तो उगाच नव्हे. औषधाची १५ मिलिलिटरची प्लास्टिकची बाटली घ्या. तिच्या बुचाला भोक पाडून जुन्या बॉलपेनची पारदर्शक नळी बसवा. नळी सुमारे ७ मिलिमीटर जाड असावी आणि बुचाच्या वर ८ सेंटीमीटर राहील अशी कापावी. पेनच्या नळीला मधोमध एक बारीक भोक असतं, ते आधी एम-सीलने बुजवा. ते विसरलात तर हायड्रोमीटर हळूहळू पाणी पिऊन बुडेल. नळीच्या आत आलेख कागदाची पट्टी सरकवा, तीच मोजपट्टी. बाटलीत सायकलच्या दुकानातून आणलेले बेअरिंगचे छर्रे टाका. सगळं मिळून वजन २० ग्रॅमच्या आसपास भरेल, पण शेवटचं जुळवणं काट्यापेक्षा पाण्यातच करा: विहिरीच्या पाण्यात सोडल्यावर नळीचा २ सेंटीमीटर भाग वर राहिला पाहिजे. छर्ऱ्यांवर वितळलेल्या मेणाचे थेंब टाकून ते तळाशी पक्के करा, मग बूच आणि नळीचं वरचं तोंड बंद करा. मेणाचं वजन आधीच हिशेबात धरा. अर्धा ग्रॅम जास्त झाला की नळी १३ मिलिमीटर खाली जाते.

हायड्रोमीटर आडवा पडत असेल तर दोष बहुधा नळीच्या लांबीत असतो. नळी १४ सेंटीमीटर ठेवली की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि उभं राहणं कठीण होतं. छर्ऱ्यांऐवजी वाळू भरली तरी तेच, कारण वाळू जास्त जागा घेते आणि तिचा गुरुत्वमध्य उंचावर राहतो. नळी छोटी करा, भार तळाशी न्या.

या मापांनी विहिरीचं पाणी आणि समुद्राचं पाणी यांत सुमारे १३ मिलिमीटरचा फरक मिळतो. म्हणजे १ मिलिमीटर म्हणजे दर किलो पाण्यात ढोबळमानाने २.७ ग्रॅम मीठ. तरी माझ्या सांगण्यावर विसंबू नका, खुणा स्वतः करा. ९८० ग्रॅम पाण्यात २० ग्रॅम मीठ, मग ९६५ ग्रॅम पाण्यात ३५ ग्रॅम मीठ, अशी दोन द्रावणं आणि साधं पाणी. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. खुणांमधलं अंतर जड द्रावणांकडे किंचित कमी होत जातं, त्यामुळे डोळे मिटून पट्टीचे सारखे भाग पाडू नका.

सर्वांत जास्त फसवतो तो पृष्ठताण. नळीभोवती पाण्याची कड वर चढते आणि नळीला खाली ओढते. ७ मिलिमीटरच्या, पूर्ण भिजणाऱ्या नळीवर ही ओढ सुमारे ०.१६ ग्रॅम वजनाएवढी असते, म्हणजे वाचनात ४ मिलिमीटरचा फरक. बोटांचं तेल लागलं की प्लास्टिक धड भिजत नाही आणि ही ओढ प्रत्येक वेळी वेगळी येते. म्हणून नळी साबणाने धुऊन, भरपूर पाण्याने खळबळून घ्या, नंतर फक्त टोकाला धरा. साबणाचा अंश उरला तर पृष्ठताण घटतो आणि वाचन दुसऱ्या दिशेने चुकतं. बाटलीला चिकटलेले बुडबुडेही तिला वर उचलतात. हलकेच गिरकी देऊन ते झटका. वाचताना डोळा पाण्याच्या पातळीत हवा आणि कड जिथे चढते तिथलं न वाचता सपाट पृष्ठभागाच्या रेषेतला आकडा घ्यावा.

तापमान विसरलं जातं. १० अंशांचं पाणी ३० अंशांच्या पाण्यापेक्षा ०.००४ ने घन असतं, आणि खारं-गोडं यांतला पूर्ण फरक ०.०२६ आहे. फ्रिजमधून काढलेला नमुना लगेच मोजलात तर ती चूक २ मिलिमीटरची. सगळ्या बाटल्या रात्रभर एकाच खोलीत ठेवा.

पाणी कुठून घ्यायचं? मिरामारचा समुद्र, पणजीचा धक्का, रायबंदर, आणि घरची विहीर एवढ्यावर चांगला आलेख निघतो. पण नदीचे नमुने भरती-ओहोटीच्या एकाच टप्प्यावर घ्या. सकाळी पणजीला भरतीचं आणि दुपारी रायबंदरला ओहोटीचं पाणी घेतलं, तर तुम्ही ठिकाणं मोजत नाही, वेळ मोजता. पावसाळ्यात गोडं पाणी वर आणि खारं खाली असा थर पडतो, तेव्हा सगळीकडे एकाच खोलीवर घ्या. धक्क्यावर ओणवं होऊन बाटली भरू नका. मोठ्या माणसाला दोरीला बांधलेली कळशी सोडायला सांगा. पावसातलं तांबडं गढूळ पाणी एक दिवस निवळू द्या. लिटरमागे एक ग्रॅम गाळ असला तरी घनता ०.०००६ नेच वाढते, पण गाळ बाटलीवर बसतो, त्याची कटकट होते.

शेवटी अंड्याचा प्रयोग. "समुद्राच्या पाण्यात अंडं तरंगतं" असं तक्त्यांवर लिहिलेलं सापडतं, ते खोटं आहे. ताज्या अंड्याची घनता १.०८ च्या आसपास, समुद्राची १.०२२. मिरामारच्या पाण्यात ताजं अंडं सरळ तळाला जातं. ते तरंगवायला लिटरभर पाण्यात सव्वाशे ग्रॅमच्या आसपास मीठ लागतं, म्हणजे पेलाभर पाण्यात चार-पाच चमचे. दोन चमच्यांवर थांबणाऱ्यांचा प्रयोग तिथेच फसतो. शिळं अंडं मात्र कमी मिठातही वर येतं, कारण त्यातली हवेची पोकळी वाढलेली असते. म्हणून अंडं आधी साध्या पाण्यात टाकून बघा, तळाशी आडवं पडलं तरच वापरा. आगरवाड्यासारख्या ठिकाणच्या मिठागरात मात्र, ज्या कोंडात (वाफ्यात) मीठ धरायला लागतं, तिथल्या पाण्याची घनता १.२ च्या वर गेलेली असते. तिथे ताजं अंडं चांगलंच वर राहतं, आणि हा आपला छोटा हायड्रोमीटर तर बाटलीसकट डोकं वर काढून आडवा पडेल. त्या पाण्यासाठी दुसरी बाटली घ्या आणि तिच्यात साडेतीन-चार ग्रॅम जास्त छर्रे भरा.