आतून जांभळे

केरळातल्या अष्टमुडीच्या खाडीतून शिनाण्यांच्या (दोरांवर वाढवतात त्या खाण्याच्या शिंपल्यांच्या) दोराचा एक तुकडा आमच्याकडे आला, तेव्हा मला जराही शंका आली नाही. दोर हिरव्या शिनाण्यांच्या शेतीचा, मग त्याला बिलगलेली पिल्लंही त्यांचीच असणार. रंग काळपट होता, पण गढूळ पाण्यात होतं तसं, असं म्हणून मी नोंदवहीत हिरव्या शिनाण्याचं शास्त्रीय नाव, 'पेर्ना विरिडिस, लहान', लिहूनही टाकलं.

एकाचं कवच साफ करताना ते उघडलं गेलं. मांस खरवडून आतली बाजू दिव्याखाली धरली. हिरव्या शिनाण्याचं कवच आतून फिकट, निळसर हिरवं चकाकतं. हे गडद जांभळं होतं. भिंगाखाली बिजागरी पाहिली. शिनाण्याच्या एका शिंपेला एक आणि दुसरीला दोन असे ठळक दात असतात. इथे टोकाशी नुसते बारीक दाणे. दुसरा उघडला, तिसरा उघडला. चाळीसातले एकतीस जांभळे निघाले.

मायटेला स्ट्रिगाटा, शिनाण्यांच्याच कुळातला दुसरा शिंपला. (जुन्या पुस्तकांत तो 'चारुआना' या नावाखाली आहे, ते शोधण्यात माझा अर्धा तास गेला.) मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यांचा, अटलांटिककडचाही आणि पॅसिफिककडचाही. १९८६ मध्ये तो उपरा म्हणून फ्लोरिडात दिसला, २०१४ मध्ये फिलिपिन्समधल्या मनिलाच्या उपसागरात, आणि भारतातली त्याची नोंद २०१९ मध्ये छापून आली.

नकाशा पुढ्यात घेतल्यावर मात्र मी बराच वेळ तशीच बसून राहिले. आपलं हिरवं शिनाणं १९९० मध्ये त्रिनिदादला पोहोचलं होतं, आणि १९९९ मध्ये फ्लोरिडातल्याच टॅम्पा उपसागरात, वीजकेंद्रात पाणी ओढणाऱ्या वाटेत सापडलं होतं. तिकडे ते उपरं. अळ्या आठवडे-आठवडे पाण्यात तरंगतात, जहाजांच्या बॅलास्ट टाक्यांतून (तोल राखायला भरलेल्या पाण्यातून) समुद्र ओलांडतात. पण इथे आलेल्या या पाहुण्याला आणखी एक बळ आहे. पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं होतं, तेव्हा हिरवी शिनाणी मरतात, म्हणून शेतकरी बीज पावसाळा सरल्यावर लावतात. मायटेला ते गोडं पाणी सोसतो. दोर पुन्हा सोडायच्या आधीच तो खाडीत जागा धरून बसलेला असतो. ज्यांचं वर्षाचं पीक त्या दोरावर, त्यांना हे कोणत्या तोंडाने सांगायचं, याचीच मला धास्ती वाटत होती.

मग कपाटातल्या त्याच खाडीच्या जुन्या बाटल्या काढल्या. त्यांवरही माझ्याच अक्षरात 'पेर्ना विरिडिस' होतं. पहिली पूर्ण हिरवी. दुसरीही. तिसरीत, अगदी तळाशी, दोन जांभळे. नोंदवहीतली त्या तारखेची ओळ खोडून मी बाजूला नवं नाव लिहिलं आणि मत्स्यशेतीच्या अधिकाऱ्यांना फोन लावला.