नारायण पेठेतला खांब

पावसाळा तोंडावर आला की पुण्याच्या पेठांतल्या जुन्या वाड्यांना धोकादायक म्हणून नोटिसा लागतात आणि आम्हा स्ट्रक्चरल इंजिनिअरांचे फोन वाजू लागतात. बहुतेकांना कागद हवा असतो, तपासणी नको असते. नारायण पेठेतल्या त्या मालकानेही थेटच सांगितलं, "पाडायचं लिहून द्या, मॅडम."

मी मात्र टोचा घेऊन तुळयांच्या टोकांपाशी गेले. तुळई सहसा मधोमध कुजत नाही, भिंतीत गाडलेलं टोक कुजतं. बाहेरून सिमेंटचा गिलावा असेल तर हमखास, कारण चुना ओल बाहेर सोडतो आणि सिमेंट ती आत कोंडून धरतं. पश्चिमेच्या भिंतीत हेच झालं होतं. वर मागाहून काढलेली मोरी, तिचा गळका पाइप, त्यावर सिमेंट. तीन टोकांत टोचा मुठीपर्यंत गेला. बाकीच्या सागवानात तो नखभरही शिरेना, हातोडी मारली की खणखणीत आवाज. नोटीस काढणाऱ्याने वाड्यात पाऊल टाकल्याची खूण मला कुठे दिसली नाही.

ओसरीतल्या एका खांबावर आडवी खाच होती, १२ जुलै १९६१ ची. पानशेत फुटलं तेव्हा पाणी तिथवर चढलं. मागच्या मातीच्या भिंती बसल्या, पण एकही खांब तळखड्यावरून, म्हणजे खालच्या दगडी बैठकीवरून, हलला नाही, असं वरच्या मजल्यावरच्या आजींनी सांगितलं. त्या तेव्हा नव्या सुनबाई होत्या.

तीन टोकं बदला, सिमेंट खरवडा, चुना लावा, असा अहवाल मी दिला. आजींनी तो पूर्ण ऐकून घेतला.

"बाळ, खांब चांगलाय हे मला ठाऊक आहे. पण रात्री दोनदा जिना उतरून चौकातल्या संडासात जावं लागतं. ते लिहिलंयस का यात?"

नव्हतं लिहिलं. भाडेकरूंना घरात संडास हवा होता. मालकाला महिना चाळीस रुपये भाड्यात कौलंही शाकारता येत नव्हती. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठलेली ही भाडी पेठांना आतून पोखरत गेली, पण त्यावर कुणी बोलत नाही. पाडायला सगळेच राजी होते.

दिवाळीनंतर वाडा उतरवला. जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने प्रत्येक खांब ठोकून पाहिला आणि सगळे उचलले. खाचेचाही.

परवा मोजमापांची वही काढली. मागच्या पडवीवर, धडधाकट तुळयांच्या बाजूला, साडेतीन बाय चार फुटांचा संडास बसतोय.